लिबरल आर्ट्स म्हणजे आपलं ‘आर्ट्स साइड’ नव्हे

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पोरांच्या घरी एक गोष्ट कायम ऐकू येते, की फायनान्समध्ये जायचं तर हार्वर्ड नाहीतर व्हार्टनच (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं बिझनेस स्कूल) पाहिजे, लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे मुख्यतः बॅचलर्सचं, सगळे विषय शिकवणारं छोटं कॉलेज) गेलं की वॉल स्ट्रीट विसरा. हे चुकीचं आहे हो. केकेआर ही 1976 ची प्रायव्हेट इक्विटी (म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणारी) कंपनी बघा, क्रॅव्हिस आणि रॉबर्ट्स दोघं क्लेअरमाँट मॅकेनाचे आणि तिसरे कोलबर्ग स्वार्थमोरचे, म्हणजे तिन्ही संस्थापक छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांतले (पुढच्या डिग्र्या मोठ्या युनिव्हर्सिटीत केल्या, ते खरंय). टायगर ग्लोबल या गुंतवणूक कंपनीचे संस्थापक चेस कोलमन विल्यम्स कॉलेजचे, तेही लिबरल आर्ट्सच.

आणि या लिबरल आर्ट्स कॉलेजांत मॅथ्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स सगळं असतं, उलट हार्वर्डलासुद्धा बॅचलर्सला फायनान्स मेजर नाही, पोरं इकॉनॉमिक्सच घेतात.

पण म्हणून कुठलंही छोटं कॉलेज चालेल असं नाही, बँका कँपसवर येतात का आणि माजी विद्यार्थी फोन उचलतात का हे आधी बघा. आपल्या पोरांसाठी तर व्हिसा फार महत्त्वाचा, साध्या डिग्रीवर शिकून झाल्यावर कामाचे 12 महिनेच मिळतात, इकॉनॉमिक्स स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) धरलेलं असेल तर अजून 24, तेव्हा कॉलेजला हे स्पष्ट विचाराच.