ज्येष्ठ ग्राहकांची फसवणूक : वाढीव दिवाणी दंड (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात अनुचित व्यापारविरोधी कायद्याच्या प्रत्येक उल्लंघनाला २,५०० डॉलरपर्यंत दिवाणी दंड होतो (व्यवसायविषयक संहिता, कलम १७२०६). फसलेली व्यक्ती ६५ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल, अथवा अपंग असेल, तर कलम १७२०६.१ खाली त्यावर आणखी २,५०० डॉलरपर्यंत दंड लागू शकतो. खटला दिवाणी असल्याने तुरुंगवास नाही. पण निःसंशय पुरावाही लागत नाही, पारडे सरकारी बाजूकडे झुकले की पुरते.

खरा वाद होतो तो उल्लंघने मोजण्यावरून. १९७३ च्या जेहिल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थापा किती मारल्या हे न पाहता त्या किती जणांना मारल्या हे मोजले. (त्या खटल्यातले विक्रेते दारोदार ज्ञानकोश विकत होते, हे या विश्वकोशातल्या नोंदीने लपवू नये.) समजा, छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली ४० जणांकडून आगाऊ पैसे उकळले आणि त्यांतले २५ ज्येष्ठ निघाले. मूळ दंड १,००,००० डॉलरपर्यंत, वाढीव ६२,५०० पर्यंत. खोट्या जाहिरातीचे कलमही मोडले असेल, तर आणखी १,००,००० पर्यंत वेगळा.

वाढीव दंड आपोआप बसत नाही. समोरचा ज्येष्ठ आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक होते का, किंवा ठाऊक असायला हवे होते का. राहते घर, निवृत्तीची पुंजी किंवा पेन्शन गेली का. वय, आजारपण वा मंदावलेली समज यांमुळे ती व्यक्ती सहज गळाला लागणारी होती का आणि तिचे मोठे नुकसान झाले का, हे न्यायालय तपासते. त्यामुळे नुसता जन्मदाखला जोडून भागत नाही. बँकेचे उतारे, करारनामा, विक्रेत्याने फोनवर वाचायचा ठरवून दिलेला मजकूर हे सगळे लागते.

हा दंड मागण्याचा अधिकार महाधिवक्ता, जिल्हा सरकारी वकील यांसारख्या सरकारी वकिलांनाच आहे, मुदत ४ वर्षांची. दंडाची रक्कम सरकारजमा होते, आजोबांच्या हाती पडत नाही. म्हणूनच कायद्याने परतफेडीला अग्रक्रम दिला आहे: फसवणाऱ्याकडे दोन्हींपुरती मालमत्ता नसेल तर वाढीव दंडाआधी ज्येष्ठांचे पैसे परत करायचे. अडचण एवढीच, की खटला उभा राहीपर्यंत पुष्कळदा खाते रिकामे झालेले असते.

ज्येष्ठाने स्वतः दावा लावायचा तर ग्राहकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली ५,००० डॉलरपर्यंत जादा रक्कम मागता येते. दिवाणी संहितेच्या कलम ३३४५ मधली, ज्येष्ठांच्या दाव्यात शिक्षेची रक्कम तिपटीपर्यंत वाढवण्याची तरतूद मात्र अनुचित व्यापाराच्या खासगी दाव्यातल्या परतफेडीला लागू नाही, असा निकाल २०१० मध्ये लागला. कारण परतफेड ही शिक्षा नव्हे.