अमेरिकन लष्करी अळी ओळखली गेली कशी? मागची हकीकत

लष्करी अळी हे नाव आपल्याकडे काही नवीन नाही. ज्वारीवर, भातावर, मक्यावर येणारी आपली जुनी लष्करी अळी शेतकऱ्यांना कधीपासून माहितीये, आणि खरा घोळ तिथेच झाला. २०१८ च्या मे-जूनमध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, जी अळी दिसायला लागली ती पण लांबून तशीच, मळकट तपकिरी, अंगावर पट्टे. कुणालाही वाटलं असतं की यंदा जरा जास्त आलीये, बाकी काही नाही.

ही मात्र वेगळी निघाली, अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, तिथे १७९७ सालीच तिचं शास्त्रीय वर्णन झालेलं. थंडी तिला सोसत नाही, त्यामुळे हिवाळा ती गरम भागात काढते आणि उन्हाळा आला की तिचे पतंग, म्हणजे अळीचं पुढचं उडणारं रूप, वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेकडे सरकतात, एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत. एवढं असूनही दोनशेच्या वर वर्षं ती अमेरिकेतच राहिली, मग २०१६ मध्ये अचानक पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोन वर्षांत सहाराच्या खालचे बहुतेक सगळे देश तिने व्यापले. म्हणजे ती आपल्या दारात येणार याची चाहूल होती.

शिवमोग्याच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी ती नुसत्या डोळ्यांवर सोडली नाही, डीएनए जुळवून खात्री केली, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने ३० जुलै २०१८ ला देशभरासाठी इशारा काढला.

शेतात ओळखायची म्हणजे पोंगा उलगडायचा. आत लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा भरलेली असते, ती बाजूला केली की तळाशी अळी. तळहातावर घेऊन डोकं बघायचं, त्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ दिसते, आणि शेपटीकडून दुसऱ्या कप्प्यावर चार काळे ठिपके, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे. ठिपके इतर अळ्यांवरही असतात हो, पण असा नेमका चौकोन आणि वर ती रेघ, दोन्ही एकदम जुळलं पाहिजे. अडचण अशी की अगदी लहान अळीवर या खुणा नीट उमटलेल्याच नसतात, तेव्हा फक्त पानावर खरवडल्यासारखे पांढुरके चट्टे दिसतात, आणि खुणा स्पष्ट होईस्तोवर अळी पोंग्यात खोल गेलेली असते, मग फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांचंही तसंच, त्यात दुसऱ्या जातीचे पतंगही येऊन पडतात, त्यामुळे सापळा भरला म्हणजे हीच, असं धरून चालत नाही. नराच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असतो तो बघावा लागतो, आणि पतंग जुना असेल, पंखावरची पूड झडली असेल तर तोही दिसत नाही.

२०१८ संपायच्या आत ती महाराष्ट्रात पोचली, मक्याबरोबर उसावरही दिसली. २०१९ च्या सुरुवातीला चीन. आणि २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर, पण तिथे आधी सापडले ते पतंग, तिच्यावर नजर ठेवायला लावलेल्या सापळ्यांत.