यूके स्किल्ड वर्कर व्हिसा: ऑफर लेटरमधला पगार पुरतो का, ते आधी बघा

22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला (ब्रिटनमधल्या कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीचा व्हिसा) वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो. पण तेवढ्यावर थांबू नका, प्रत्येक कामाच्या ऑक्युपेशन कोडला (त्या कामाचा सरकारी क्रमांक) स्वतःचा गोइंग रेट, म्हणजे त्या कामासाठी सरकारने ठरवलेला किमान पगार असतो आणि दोन्हींत जो आकडा मोठा तोच तुम्हाला लागू. शिवाय तासाला किमान 17.13 पौंड पडले पाहिजेत.

आपल्याकडे सीटीसी बघायची सवय, तिथे तसं चालत नाही. मोजतात ती फक्त पक्की बेसिक, टॅक्स कापायच्या आधीची. बोनस, ओव्हरटाइम, राहण्याचा भत्ता काही धरत नाहीत, त्यामुळे एचआर एकूण पॅकेज सांगत असेल तर त्यातली बेसिक किती हे लेखी मागाच.

तासांचंही बघा. गोइंग रेट 37.5 तासांच्या आठवड्यावर काढलेला असतो. समजा तो 50,000 आहे आणि तुमचं काँट्रॅक्ट 40 तासांचं, तर लागणार 53,333 पौंड. पार्ट टाइम असेल तर गोइंग रेट कमी होतो पण 41,700 ची अट कमी होत नाही, इथे खूप जण फसतात!

26 च्या आत असाल किंवा तिकडे मास्टर्स करून स्टुडंट नाहीतर ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर तिथे काम करण्यासाठीचा व्हिसा) असाल तर न्यू एन्ट्रंट (करिअरच्या सुरुवातीला असलेले) म्हणून सवलत आहे: 33,400 किंवा गोइंग रेटच्या 70 टक्के, यातलं जास्त ते. मात्र ही सवलत जास्तीत जास्त 4 वर्षं, आणि त्यात ग्रॅज्युएट व्हिसाचा काळही धरतात. नर्स, डॉक्टर, शिक्षक यांचे पगार सरकारी वेतनश्रेणीनुसार, त्यांचे आकडे वेगळे.

कागदपत्रं तशी थोडीच. पासपोर्ट, कंपनीने दिलेल्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचा, म्हणजे नोकरी आणि पगाराची नोंद असलेल्या स्पॉन्सरशिपच्या दाखल्याचा नंबर (मिळाल्यापासून 3 महिन्यांत वापरावा लागतो), इंग्रजीचा पुरावा, भारतातून अर्ज असेल तर टीबी टेस्टचं सर्टिफिकेट, आणि 28 दिवस खात्यात असलेले 1,270 पौंड. कंपनीने खर्चाची हमी दिली असेल तर बँक स्टेटमेंट लागत नाही. सर्टिफिकेटवरचा कोड आणि पगार ऑफर लेटरशी ताडून बघा, चूक दिसली तर अर्ज भरण्याआधीच कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.

आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी माणूस स्पॉन्सर करण्यासाठी सरकारला द्यायची फी) कंपनीनेच भरायचा असतो, तो तुमच्याकडून वसूल करायला नियमाने मनाई आहे, एजंट मागत असेल तर सरळ नाही म्हणा.