बॅटरीतला सेल बदलला, तर चार्जिंगही बदला

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या शिवारात पंपाची थ्री-फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. उसाला पाणी पाजायला निघालं की हातात बॅटरी (टॉर्च) लागतेच. बांधावर सापाची भीती, जंगलकडेला गव्यांची. बाजारातल्या स्वस्त चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा ४ व्होल्टचा शिशाचा सेल असतो. तो निकामी झाला की जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले १८६५० सेल (लांबट, गोल लिथियम-आयन सेल) काढून त्यात घालणारी हुशार पोरं गावोगाव आहेत. उद्योग चांगलाच आहे. पण आतली चार्जिंगच्या सर्किटची जुनी पट्टी तशीच ठेवतात, ते मात्र जीवावर बेतू शकतं.

त्या पट्टीवर मुख्यतः एक कपॅसिटर आणि चार डायोड असतात. सेल भरला म्हणून थांबायचं, हे तिला कळतच नाही. शिशाचा सेल चार्जिंगला ४.८ व्होल्टपर्यंत चढतो, आणि त्यापुढेही त्यातलं पाणी फुटून वायू होतो, एवढंच. लिथियम-आयन सेलची हद्द ४.२ व्होल्ट. ती ओलांडली की ऋण टोकाकडच्या ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियमचा थर चढतो, दुसऱ्या टोकाचा पदार्थ फुटून ऑक्सिजन सोडू लागतो, आणि त्यातून निघणारी उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत नेते. आतला द्रव ज्वलनशील असतो. शिवाय ही पट्टी थेट २३० व्होल्टला जोडलेली. चार्जिंग चालू असताना उघड्या तारेला बोट लागलं तर झटका बसणारच.

म्हणून ती काढून टाका. तिच्या जागी टीपी ४०५६ चिपचं, संरक्षण असलेलं छोटं सर्किट बसवा आणि मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चार्ज करा. ते आधी ठरावीक, साधारण १ अँपिअर प्रवाह देतं, ४.२ व्होल्ट गाठल्यावर तेवढेच व्होल्ट धरून प्रवाह कमी करत नेतं आणि शेवटी बंद करतं.

दोन सेल जोडायचे तर समांतर जोडा, धनाला धन, ऋणाला ऋण. एकामागे एक जोडले की दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि आधी भरतो, त्यामुळे प्रत्येकावर वेगळं लक्ष ठेवणारं सर्किट लागतं. समांतर जोडण्याआधी मात्र दोघांचे व्होल्ट मीटरने मोजा. एक ४.१ आणि दुसरा ३.६ असेल, आणि दोघांचा मिळून अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर जोडताक्षणी ५ अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतात. आधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण भरून घ्या. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं, आणि चार्ज करताना तेच नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करतं.

सेलचं अख्खं पत्र्याचं डबडं ऋण असतं. धन टोकाच्या कडेला त्याच्यापासून वेगळं ठेवायला फक्त पातळ प्लास्टिक. तिथे कागदी वॉशर हवाच, आणि आवरण फाटलेलं असेल तर नवं चढवा. जोडणी स्पॉट वेल्डिंगने निकेलच्या पट्टीवर करून घ्या; सोल्डरिंगची आच सेलच्या आतपर्यंत जाते.

२५०० एमएएचचे दोन धड सेल म्हणजे सुमारे १८ वॉट-तास, ३ वॉटच्या एलईडीला साधारण पाच-सहा तास. जुन्या सेलमध्ये कधीकधी याच्या निम्मंच उरलेलं असतं, तेव्हा शक्य असेल तर नवेच घ्या. पावसाळ्यात पाणी पाजायचं काम थांबलं की पॅक पूर्ण भरून ठेवू नका; ३.७ ते ३.८ व्होल्टवर, चुलीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा.