ढवळपात्रातील प्रवाहाचे कणप्रतिमा वेगमापन

औषधे, रंग, बहुवारिके यांच्या कारखान्यांतील ढवळपात्रांत फिरत्या पंख्यामुळे निर्माण होणाऱ्या विक्षुब्ध प्रवाहाचा वेग, द्रवात सोडलेल्या सूक्ष्म कणांची छायाचित्रे घेऊन मोजण्याची पद्धत. ती ‘पीआयव्ही’ (पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री) या नावाने अधिक परिचित आहे. त्यापूर्वी प्रचलित असलेल्या लेझर डॉप्लर वेगमापनात (हलत्या कणांवरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या वारंवारतेतील बदलावरून वेग काढण्याच्या पद्धतीत) एका वेळी एकाच बिंदूवरील वेग कळत असे. माटुंग्याच्या आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत ज्येष्ठराज जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात तिरप्या पात्यांच्या पंख्यांचा प्रवाह त्याच रीतीने, बिंदूमागून बिंदू घेत मोजला. अशा मापनातून सरासरी उत्तम मिळते, पण एखाद्या क्षणी भोवऱ्याचा आकार कसा होता हे दिसत नाही.

पीआयव्हीमध्ये साधारण १० मायक्रोमीटर व्यासाच्या, पोकळ काचेच्या गोळ्या पाण्यात मिसळतात, लेझरचा सुमारे १ मिमी जाडीचा प्रकाशपडदा पात्रातून आरपार टाकतात आणि अत्यल्प अंतराने दोन छायाचित्रे घेतात. चित्रांचे लहान चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीतील कणसमूह किती सरकला हे सहसंबंधाने, म्हणजे दोन्ही चित्रांतील कणांच्या नक्षीची गणिती जुळणी करून, काढले जाते. गोल पात्राच्या काचेमुळे प्रकाश वाकतो, म्हणून ते पात्र त्याच द्रवाने भरलेल्या चौकोनी टाकीत ठेवावे लागते. पंख्याच्या ठरावीक कोनालाच छायाचित्र घेतले, तर रश्टन पंख्याच्या (चकतीवर उभी सपाट पाती असलेल्या पंख्याच्या) प्रत्येक पात्यामागे तयार होणारी भोवऱ्यांची जोडी स्पष्ट दिसते. हे या पद्धतीचे सर्वांत मोलाचे देणे म्हणावे लागेल.

अभियंत्याला सर्वाधिक हवी असते ती ऊर्जाक्षयाची स्थानिक गती, म्हणजे प्रवाहाची ऊर्जा त्या त्या जागी किती वेगाने उष्णतेत बदलते हे, कारण थेंब फुटणे आणि रेणूपातळीवरील मिश्रण तिच्यावर अवलंबून असते. मात्र तीच मोजणे सर्वांत अवघड जाते. पाण्यात दर किलोग्रॅमला १ वॉट ऊर्जा क्षय पावत असेल, तर सर्वांत लहान भोवरे सुमारे ३० मायक्रोमीटरचे असतात, आणि पात्यांजवळ क्षय अधिक असल्याने ते त्याहूनही बारीक होतात. याउलट ६० मिमी रुंदीचे दृश्य २,००० चित्रबिंदूंवर घेतल्यास ३२ चित्रबिंदूंची चौकट जवळजवळ १ मिमीची होते. त्यामुळे वेगातील सूक्ष्म चढउतार पुसले जाऊन ऊर्जाक्षय प्रत्यक्षाहून कमी भरतो. चौकट फार लहान केली, तर कण अपुरे पडतात आणि मापनातील त्रुटींमुळे ऊर्जाक्षयाचा आकडा फुगतो. म्हणूनच पात्रभर मोजलेल्या ऊर्जाक्षयाची बेरीज पंख्याच्या दांड्यावरील पीळ (टॉर्क) आणि फेऱ्यांच्या गतीवरून काढलेल्या शक्तीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.