प्लॅस्टिकचा स्टेंट गुडघ्याखाली चालतो, मग मांडीत का नाही?

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने ‘एस्प्रिट बीटीके’ या विरघळणाऱ्या स्टेंटला, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीला, मान्यता दिली. जाळी पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे एका पॉलिमरची (लांब साखळीसारख्या रेणूंच्या प्लॅस्टिकची). तिच्यावर एव्हरोलिमस या औषधाचा लेप. आणि वापर गुडघ्याखालच्या धमन्यांत. अशा बातमीबरोबर ‘आता धातूच्या स्टेंटचे दिवस भरले’ हा सूरही लागतो, आणि त्यात ‘गुडघ्याखालच्या’ हा शब्द सहज नजरेआड होतो. खरी गोम तिथेच आहे. पायातले लांबच लांब अडथळे बहुतेकदा मांडीतल्या धमनीत असतात. मग तिथे हा स्टेंट का बसवत नाहीत?

हृदयाच्या धमनीचा व्यास साधारण ३ मिमी असतो. मांडीतली धमनी ५ ते ७ मिमीची, आणि तिच्यातला अडथळा कधीकधी २० ते ३० सेंमी लांब. गुडघा वाकला की ही धमनी आखूड होते, बाक घेते, पिळली जाते आणि स्नायूंमुळे बाजूने दाबलीही जाते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर नाडीचे धक्के वर्षाला पावणेचार कोटींच्या घरात जातात. पण प्रत्येक धक्क्याने धमनीचा व्यास थोडासाच बदलतो. पावले त्या मानाने कमी, एका पायाची वर्षाला साधारण १० लाख, मात्र प्रत्येक पाऊल स्टेंटला कितीतरी जास्त वाकवते. म्हणून पायातल्या स्टेंटची खरी कसोटी रक्तदाब घेत नाही, चालणे घेते.

धातूलाही हे जड गेले आहे. नायटिनॉल हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू वाकवून सोडला की पुन्हा मूळ आकारात येतो, म्हणून मांडीत तोच वापरतात. तरीही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका पाहणीत, मांडीत नायटिनॉलचे स्टेंट बसवलेल्या १२१ पायांपैकी ४५ पायांत स्टेंटला तडे गेलेले आढळले. स्टेंटची लांबी वाढली तसे हे प्रमाणही वाढत गेले होते.

आता पॉलिमरकडे वळू. कोबाल्ट-क्रोमियमचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, पॉलिलॅक्टिक आम्लाचा ३च्या आसपास. जवळपास पाऊणशेपट फरक! तो भरून काढायला जाळीच्या काड्या जाड कराव्यात, असे पहिल्यांदा मनात येते. पण जाड काडी रक्ताच्या प्रवाहात आड येते, तिच्यामागे रक्त घोटाळते आणि गुठळी धरते. हृदयासाठीच्या ‘ॲब्सॉर्ब’ स्टेंटच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड होत्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली. गुठळ्यांचे वाढलेले प्रमाण हे त्यामागचे मोठे कारण होते.

दुसरा मार्ग रुंदीचा. स्टेंटचे प्रत्येक कडे (रिंग) म्हणजे नागमोडी वळणांनी जोडलेल्या काड्या. धमनी ते कडे दाबते तेव्हा काड्या भिंतीच्या पृष्ठभागातच कडेच्या बाजूला वाकतात. त्यामुळे जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण रुंदी दुप्पट केली तर आठपट! इथे मन खूश होते, पण लगेच दोन अडचणी उभ्या राहतात. एक, तेवढीच वाकवली तर रुंद काडीची कड दुप्पट ताणली जाते आणि थकव्याने आधी तिथेच चिरते. दुसरी अडचण जागेची. स्टेंट धमनीत नेणाऱ्या, ‘६ फ्रेंच’ मापाच्या नळीचे भोक २ मिमी असते, म्हणजे तो आत उघडणाऱ्या फुग्यावर आवळलेला स्टेंट १.८ मिमीच्या आत बसायला हवा. त्याचा परीघ ५.६५ मिमी. एका कड्यात २४ काड्या, प्रत्येक २०० मायक्रॉनची, असे धरले तर ४.८ मिमी जागा काड्यांनीच व्यापली. दोन काड्यांमध्ये उरली ३५ मायक्रॉनची फट. रुंदी २४० मायक्रॉन केली तर बेरीज ५.७६ मिमी, म्हणजे स्टेंट त्या नळीत मावतच नाही.

भूमितीने हात टेकले की पदार्थाच्या आत शिरावे लागते, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग तिथे आहे. पॉलिलॅक्टिक आम्लाचा रेणू म्हणजे हजाराहून अधिक मण्यांची साखळी. स्टेंट ज्यातून कापतात त्या, वितळवून काढलेल्या नळीत या साखळ्या लोकरीच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतात, आणि अशी नळी काही टक्के ताणली की काचेसारखी तुटते. तोच पदार्थ साखळ्या नीट लावून घेतल्या की चिवट होतो. रसायन तेच, फक्त मांडणी निराळी.

त्यासाठी आधी पॉलिमरचे दाणे निर्वात भट्टीत सुकवतात, ओलावा ०.०२ टक्क्यांच्याही खाली जाईपर्यंत. वितळण्याच्या तापमानाला, म्हणजे १८० अंश सेल्सिअसच्या पुढे, पाण्याचा अंशही साखळ्या कापत सुटतो. मग जाड भिंतीची बारीक नळी ओढून काढतात. हा पदार्थ साधारण ६० ते ६५ अंशांच्या वर कडकपणा सोडून रबरासारखा होतो. त्याच्या थोड्या वरच्या तापमानाला नळी साच्यात ठेवून आतून वायूच्या दाबाने फुगवतात आणि त्याच वेळी लांबीतही ओढतात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली अशीच फुगवतात. साखळ्या ताणाच्या दिशेने सरळ होतात, त्यांच्यात बारीक स्फटिक तयार होतात, आणि नळी झटकन थंड केली की ती मांडणी तशीच गोठते.

चुकायला वाव भरपूर. तापमान जास्त झाले तर साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि पुन्हा गुंता होतो. कमी झाले तर नळी पांढरी पडून चिरते. फार सावकाश फुगवली तर मोठे, ठिसूळ स्फटिक वाढतात. नुसती आडवी फुगवली आणि लांबीत ओढली नाही, तर बांबू जसा तंतूंच्या दिशेने फाटतो तशी ती साखळ्यांच्या दिशेने, म्हणजे आडवी फाटते. शिवाय भिंतीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा नेहमीच जास्त ताणली जाते. समजा, १ मिमी आतला आणि २ मिमी बाहेरचा व्यास असलेली नळी लांबी न बदलता ६ मिमीपर्यंत फुगवली. बाहेरची बाजू तिप्पट ताणली गेली. आतला व्यास मात्र ५.७५ मिमीच्या जवळ पोहोचला, म्हणजे आतली बाजू पावणेसहा पट! उरलेली भिंत १२८ मायक्रॉन, आणि एवढ्याशा जाडीत दोन बाजूंचे गुणधर्म निराळे. म्हणून सुरुवातीच्या नळीचे माप ठरवणे हेच निम्मे डिझाइन.

कापायला फेम्टोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय क्षणिक झोतांचा लेझर लागतो, कारण साध्या लेझरच्या उष्णतेने कडा वितळतात आणि मेहनतीने लावलेल्या साखळ्या पुन्हा सैल पडतात. मग स्टेंट फुग्यावर आवळायचा, तोही कोमट करून आणि हळूहळू. थंड आणि घाईने आवळला तर वळणांवर पांढरे पट्टे उमटतात; ती सूक्ष्म पोकळ्यांची खूण, पुढच्या भेगेची सुरुवात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या ज्युलिया कॉर्नफील्ड यांच्या गटाने दाखवले की या आवळण्यामुळे वळणाच्या आत मायक्रॉनच्या अंतरावर साखळ्यांची रचना बदलत जाते, आणि पाण्यात झिजत असतानाही स्टेंट बळ टिकवतो त्याचे कारण या बदलात आहे. निर्जंतुकीकरणाला वाफ चालत नाही, १२१ अंशांना सगळी मांडणी मोडेल. इलेक्ट्रॉन झोत वापरला तर तो काही साखळ्या तोडतोच, म्हणून मुळातच लांब साखळ्यांचा माल घ्यावा लागतो.

एवढे करूनही मांडी हाती लागत नाही, कारण पॉलिमरची स्मृती कच्ची असते. नायटिनॉलची जाळी नळीत वर्षभर आवळून ठेवली तरी सोडताच उघडते. पॉलिमर आवळून ठेवला की साखळ्या हळूहळू सरकतात, आतला ताण विरतो, आणि आवळलेला आकारच त्याला आपला वाटू लागतो. जपानच्या इगाकी-तामाई स्टेंटमध्ये, ज्याचे माणसातले पहिले निष्कर्ष २००० मध्ये आले, तो उघडायला फुग्यात सुमारे ८० अंशांचे गरम द्रव भरावे लागे. फुग्याने उघडलेला पॉलिमरचा स्टेंट मांडीत चेपला गेला तर चेपलेलाच राहतो. गुडघ्याखालच्या धमन्या मात्र वरच्या दोन-तृतीयांश भागात हाडांच्या सोबतीने, स्नायूंच्या आड जातात आणि फारशा वाकत नाहीत. घोट्याजवळ पुन्हा चेपण्याचा धोका येतोच. एस्प्रिटच्या काड्या सुमारे १०० मायक्रॉनवर आणता आल्या त्या अशा शांत जागी.

मांडीत पॉलिमर आजही आहे, पण नायटिनॉलच्या सांगाड्यावर: ताणलेल्या पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर म्हणून, किंवा औषध धरून ठेवणारा, न विरघळणारा फ्लोरोपॉलिमरचा लेप म्हणून. लेपाची परीक्षाही वळणावरच होते. आवळताना तो तिथे सुटला किंवा भेगाळला की औषधाचा हिशेबच बिघडतो.

अमुक काढा घेतला की ब्लॉकेज विरघळते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एवढेच: अडथळा धमनीच्या भिंतीत रुतलेला असतो, त्यात चरबी, तंतू आणि चुना असतो. पोटात गेलेले कोणतेही पेय तो खरवडून काढत नाही. तंबाखू सोडणे, देखरेखीखाली नियमित चालणे आणि कोलेस्टेरॉलची औषधे यांचा उपयोग सिद्ध झाला आहे, आणि स्टेंटचा विचार त्यानंतर येतो.

टिकाऊपणाच्या चाचणीतही पॉलिमर वेगळा वागतो. दहा वर्षांचे ठोके म्हणून ४० कोटी आवर्तने घेतात. सेकंदाला ५० या वेगाने ती ९३ दिवसांत होतात. धातूला हे चालते. पॉलिमर या वेगाने तापतो आणि खऱ्यापेक्षा ताठ भासतो, म्हणून वेग उतरवावा लागतो. पावलांचे गणित त्या मानाने सोपे आहे: १ कोटी आवर्तने, सेकंदाला एक, म्हणजे ११६ दिवस. पण त्या दिवसांत साखळ्या फक्त ११६ दिवसांइतक्याच झिजतात. विरघळणाऱ्या स्टेंटमध्ये पाणी आधी साखळ्या कापते, मग बळ जाते आणि सर्वांत शेवटी वजन. म्हणून नमुने आधी ३७ अंशांच्या, ७.४ पीएचच्या द्रावणात एक, तीन, सहा महिने मुरवायचे आणि प्रत्येक टप्प्यावर वाकवून पाहायचे. भेग कड्यांमधल्या जोडकाडीत पडली तर कडी सुटी होऊन हलतात, धमनी सहसा उघडी राहते. वळणाच्या आतल्या कडेला पडली तर ते कडे आधार सोडते. म्हणून जोडकाड्या मुद्दाम आधी तुटतील इतक्या बारीक ठेवतात, आणि वळणाची आतली त्रिज्या शक्य तेवढी मोठी.