टेक्सासमध्ये जुना फिफ्थ व्हील कॅम्पर घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि टायटल नावावर करण्याची पद्धत

जुना कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलेला माणूस छतावर चढतो, स्लाइड-आउट म्हणजे बाजूला सरकणारा खोलीचा भाग आतबाहेर करून बघतो, फ्रिज लावून बघतो, आणि टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, मागतो अगदी शेवटी, चेक फाडताना. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. छत गळत असेल तर दुरुस्त होतं. पण चुकीच्या माणसाच्या नावावरचं टायटल घेऊन कॅम्पर दारात आणून उभा केलात, तर महिनोन्‌महिने तुम्हीच उभे राहाल काउंटीच्या रांगेत.

फिफ्थ व्हील म्हणजे ज्याचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर टेकतो, तो मोठा कॅम्पर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, त्यामुळे किती मैल चालला हे दाखवणारा मीटरही नसतो. पण कायद्याच्या नजरेत ते स्वतंत्र वाहन आहे. त्याचा विन नंबर (वाहनाचा ओळख क्रमांक) वेगळा, टायटल वेगळं, नंबर प्लेट वेगळी. ट्रक तुमच्या नावावर आहे म्हणून मागचा कॅम्पर आपोआप तुमचा होत नाही.

कोण घेऊ शकतं

कॅम्पर विकत घ्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बी व्हिसावरचा माणूसही तो आपल्या नावावर करू शकतो. काउंटीच्या खिडकीवर मुदत न संपलेलं फोटो ओळखपत्र मात्र लागतंच. व्हिसावर असलेल्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स व्हिसाच्या मुदतीशी बांधलेलं असतं, त्यामुळे जाण्याआधी त्यावरची तारीख बघून घ्या. भारतीय पासपोर्ट दाखवणार असाल तर आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद, सोबत ठेवा.

नावावर करणं एक आणि ओढून नेणं दुसरं. इथे लायसन्सचा प्रश्न येतो आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. आपल्याकडे असतं ते साधं क्लास सी लायसन्स. ट्रक आणि कॅम्पर या दोघांचं कंपनीने ठरवलेलं कमाल वजन मिळून २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त होत असेल, आणि त्यात ओढल्या जाणाऱ्या कॅम्परचं एकट्याचं कमाल वजन १०,००० पौंडांच्या वर असेल, तर क्लास ए लागतं. ट्रकचालकांचं कमर्शियल नव्हे, साधं, बिगर-व्यावसायिक क्लास ए. उदाहरण घ्या. १०,००० पौंडांचा ट्रक आणि १४,००० पौंडांचा कॅम्पर मिळून २४,००० होतात, तिथे क्लास सी चालतं. तोच कॅम्पर १४,००० पौंडांच्या, मागे चार चाकं असलेल्या ट्रकला जोडला की बेरीज २८,००० होते आणि क्लास ए लागतं. लक्षात घ्या, इथे काट्यावरचं वजन धरत नाहीत, लेबलवर छापलेलं कमाल वजन धरतात. कॅम्पर रिकामा आहे ही सबब चालत नाही.

ट्रकबद्दलही इथेच सांगतो, कारण यात माणसांचा जीव गुंतलेला आहे. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार थेट ट्रकच्या हौद्यावर येतो. १४,००० पौंडांच्या कॅम्परला २० टक्के धरले तरी २,८०० पौंड झाले. आता ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा आणि चौकटीवरचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्या आकड्यातून हिचचं वजन, घरातली माणसं आणि हौद्यातलं सामान वजा करा, आणि उरेल त्यात कॅम्परचा हा भार बसतो का बघा. रोजच्या वापरातल्या हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, पिकअपमध्ये हे गणित मोठ्या फिफ्थ व्हीलसाठी बहुतेक वेळा बसत नाही. "माझा ट्रक आरामात ओढतो" असं विकणारा म्हणेल. ओढतो हे खरं असेल, पण प्रश्न हौद्यावरच्या भाराचा आणि थांबण्याचा आहे. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात, तेव्हा ट्रकमधला ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून लावणारं उपकरण, जोडून प्रत्यक्ष चालवून बघा.

पैसे देण्याआधी

कॅम्परच्या बाहेरच्या बाजूला, बहुधा पुढच्या कोपऱ्याजवळ, कंपनीचं लेबल असतं. त्यावरचा १७ अक्षरी विन नंबर आणि टायटलवरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. मग तो नंबर एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या मोफत तपासणीत घाला, चोरीची किंवा विमा कंपनीने मोडीत काढल्याची नोंद असेल तर कळते. एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी परत बोलावणं, बाकी आहे का तेही दिसतं. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ठळक दिसो, इतके जुने टायर बदलायचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. रक्कम मोठी असेल तर एनआरव्हीआयए या संघटनेचा प्रमाणित तपासनीस बोलवावा, तो खर्च वाया जात नाही.

टायटलवर 'लीन' आहे का बघा. लीन म्हणजे सातबाऱ्यावर चढतो तसा बोजा. महाराष्ट्रात गाडीवरचं हायपोथिकेशन उतरवायला फॉर्म ३५ लागतो, तसं इथे कर्ज देणाऱ्या बँकेचं लीन सुटल्याचं पत्र लागतं. "कर्ज कधीच फिटलंय" या तोंडी शब्दावर विसंबू नका. कर्ज बाकी असेल तर विकणाऱ्याबरोबर त्याच्या बँकेत जा आणि पैसे तिथेच भरा.

खिडकीवर काय न्यायचं

अर्ज टेक्सास डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याच्या, कचेरीत नव्हे, काउंटीच्या टॅक्स असेसर-कलेक्टरच्या ऑफिसात करायचा. मूळ टायटल, मागे विकणाऱ्याची सही आणि तारीख घातलेलं. फॉर्म १३०-यू, त्यावर विकणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या आणि खरी किंमत. लीन असेल तर ते सुटल्याचं पत्र. तुमचं ओळखपत्र. विक्रीची पावतीही जोडा, पुढे वाद झाला तर तीच कामाला येते.

टायटलवर दोन नावं असतील तर सह्याही दोन लागतात. आमच्या पहिल्या कॅम्परच्या वेळी विकणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याने सही केली आणि बायकोची राहिली. ते जोडपं तोवर दुसऱ्या राज्यात राहायला गेलं होतं. कागद टपालाने जाऊन येईपर्यंत आमची तीस दिवसांची मुदत संपत आली होती. म्हणून विकणाऱ्याला गळ घालून सोबतच टॅक्स ऑफिसात न्या. नंबर प्लेट तो काढून घेईल, तो त्याचा हक्क आहे. तेव्हा प्लेटशिवाय कॅम्पर न्यायला तात्पुरता परमिट कसा मिळेल, ते डीएमव्हीकडे आधी विचारून घ्या. विकणाऱ्याने आपल्या बाजूने विक्रीची सूचना डीएमव्हीला द्यायची असते. ती त्याच्याच भल्यासाठी आहे, आठवण करून द्या.

टायटलची फी काउंटीनुसार २८ किंवा ३३ डॉलर. खरा खर्च विक्रीकराचा, ६.२५ टक्के. ३२,००० डॉलरला घेतलात तर २,००० डॉलर कर. फॉर्मवर किंमत कमी लिहायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. एक तर ते खोटं निवेदन ठरतं. शिवाय खासगी विक्रीत त्या वाहनाची सरकारने धरलेली किंमत उपलब्ध असेल, तर कर निदान तिच्या ८० टक्क्यांवर लागतो. कॅम्पर खरोखर खराब अवस्थेत म्हणून स्वस्त मिळाला असेल तर परवानाधारक डीलरकडून किंवा विमा अ‍ॅडजस्टरकडून मूल्यांकन करून घेऊन २० कामकाजाच्या दिवसांत सादर करायची सोय आहे. विक्रीपासून ३० दिवसांत अर्ज केला नाही तर करावर दंड चढतो, आधी ५ टक्के, आणखी महिना उलटला की १० टक्के.

सुरक्षा तपासणी आता लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासने बिगर-व्यावसायिक वाहनांसाठी ती बंद केली.

टायटल हरवलंय म्हणणारा विक्रेता भेटला तर त्यालाच डीएमव्हीकडून प्रमाणित प्रत काढायला सांगा आणि तोवर थांबा. कॅम्पर आधीच घेऊन बसला असाल तर बाँडेड टायटलचा, म्हणजे जामिनावर मिळणाऱ्या टायटलचा, मार्ग आहे. डीएमव्ही जी किंमत ठरवेल तिच्या दीडपट रकमेचा जामीनरोखा घ्यावा लागतो आणि तो तीन वर्षं चालू राहतो.

नावावर झाल्यानंतर

ओढून नेताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर सहसा ट्रकचा लायबिलिटी विमा लागू होतो. कॅम्परचं स्वतःचं नुकसान मात्र त्यात येत नाही. गारपीट हा टेक्सासातला खरा धोका आहे, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्या. कर्ज काढून घेतला असेल आणि त्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल, तर आयकरात तो दुसरं घर धरला जाऊ शकतो आणि खर्च तपशीलवार दाखवणाऱ्यांना व्याजाची वजावट मिळू शकते. विक्रीकर नसलेल्या मोंटाना राज्यात नावापुरती कंपनी काढून कर वाचवायची युक्ती सांगणारे भेटतात. तुम्ही राहता टेक्सासात, प्लेट इथलीच लावा.

शेवटचं काम खरं तर अगदी पहिलं. घराच्या सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम काढून वाचा. अनेक ठिकाणी अंगणात किंवा ड्राइव्हवेवर कॅम्पर उभा करायला मनाई असते, आणि मग दर महिन्याचं स्टोरेजचं भाडं गृहीत धरावं लागतं. खासगी कॅम्पग्राउंडपैकी काही ठिकाणी दहा वर्षांपेक्षा जुना कॅम्पर आत घेत नाहीत. २०१४ चा कॅम्पर स्वस्तात मिळतोय तेव्हा तुम्हाला जिथे राहायचंय त्या दोन-तीन जागांना आधी फोन करा.